जोडपत्रांची रद्दी

संगणकाची डिस्क भरत आली की पहिला संशय ई-पत्रांवर जातो, आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो. पंधरा-वीस वर्षे एकाच पत्त्यावर टपाल घेणाऱ्या अध्यापकाच्या संगणकात नुसत्या पत्रव्यवहाराचाच काही गिगाबाइटांचा ऐवज निघावा, यात आता नवल राहिलेले नाही. त्यावर जो उपाय सर्वत्र सांगितला जातो तो एका वाक्याचा आहे : पत्रे आकारमानाप्रमाणे लावा, मोठी जोडपत्रे असलेली वर येतील, ती पुसून टाका. उपाय सोपा आहे, झटपट आहे; आणि ज्या भाषांतला मजकूर आरंभापासून पत्राच्या अंगातच लिहिला गेला, त्यांच्या बाबतीत बराचसा निरुपद्रवीही आहे. मराठीच्या बाबतीत मात्र तो घातक आहे असे आमचे मत आहे. टपालपेट्या रिकाम्या करणारे हात आपलेच, म्हणजे मराठीच्या विद्यार्थ्यांचे, अध्यापकांचे, संपादकांचे आणि अनुवादकांचे असल्यामुळे ते मत थोडे विस्ताराने मांडणे आम्हांला आवश्यक वाटते.

प्रथम, जागा नेमकी कशाने व्यापली जाते ते पाहू. ई-पत्राची यंत्रणा मुळात साध्या रोमन मजकुरासाठी घडवलेली. छायाचित्र, पीडीएफ किंवा वर्डची फाइल त्या वाटेने पाठवायची तर तिचे आधी अक्षरांत रूपांतर करावे लागते. ‘बेस-६४’ नावाच्या पद्धतीत मूळच्या दर तीन बाइटांमागे चार अक्षरे होतात; त्यामुळे तीन मेगाबाइटांचे छायाचित्र पत्रात शिरताना चार मेगाबाइटांहून थोडे जास्तच होऊन बसते. मग ते पाच जणांकडे जाते, एकाला उघडत नाही म्हणून पुन्हा पाठवले जाते, कोणी ते तसेच जोडून पुढे धाडतो. एका चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेच्या सात प्रती आपल्या संगणकात कशा आल्या याचे उत्तर एवढेच आहे.

यापुढची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. पत्र पुसले म्हणजे जागा मोकळी झाली असे नव्हे. थंडरबर्डसारखा कार्यक्रम सामान्यतः एका कप्प्यातली सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकापुढे एक लिहून ठेवतो. पुसलेल्या पत्रावर केवळ खूण होते. मजकूर जागीच राहतो. कप्पा ‘कॉम्पॅक्ट’ करण्याची आज्ञा दिली, किंवा कार्यक्रमाने स्वतःहून ते काम केले, म्हणजेच फाइल आखडते. आउटलुकच्या पीएसटी फाइलीचेही साधारण असेच. आउटलुक २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तर ही फाइल दोन गिगाबाइटांपलीकडे वाढूच शकत नसे, आणि मर्यादा गाठली की बिघडण्याची भीती असे. म्हणून अनेक जुन्या संगणकांत ‘जुने’, ‘जुने दोन’, ‘जुने शेवटचे’ अशा नावांच्या पीएसटी फाइली सापडतात. त्या कोणी उघडत नाही आणि पुसायलाही धजत नाही.

त्यातही एक भेद बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आयमॅप पद्धतीने टपाल येत असेल तर संगणकातली पत्रे ही प्रत असते. मूळ दूरच्या सर्व्हरवर असते. अशा वेळी गेल्या एक वर्षाचीच पत्रे संगणकात ठेवावीत एवढी सूचना आउटलुकला किंवा थंडरबर्डला दिली, तर एकही पत्र न गमावता डिस्क बरीच मोकळी होते. जीमेलची लेबले आयमॅपमधून वेगवेगळे कप्पे म्हणून दिसतात, त्यामुळे एकच पत्र ‘इनबॉक्स’मध्ये एकदा आणि ‘ऑल मेल’मध्ये दुसऱ्यांदा उतरवले जाऊ शकते, तेही थांबवता येते. परंतु जो मनुष्य हे न करता ‘माझ्या संगणकातलीच तर पुसतो आहे’ अशा समजुतीने पत्रे निवडून डिलीट करतो, तो सर्व्हरवरचे मूळही पुसत असतो. पॉप पद्धतीने टपाल घेणाऱ्यांची गत उलटी : तेथे पुष्कळदा एकमेव प्रत संगणकातच असते. आपले टपाल कोणत्या पद्धतीने येते हे ठाऊक नसताना केलेली साफसफाई म्हणजे कोणते दस्तऐवज मूळ आणि कोणते नक्कल हे न पाहताच दफ्तर जाळण्यासारखे आहे.

आता शब्दांच्या वजनाचा हिशेब. युनिकोडच्या सध्याच्या रूढ पद्धतीत (यूटीएफ-८) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीही चिन्हेच. पाचशे शब्दांचे पत्र धरले तर मजकुरापुरते दहा किलोबाइटांच्या आसपास जाते. अशी दहा हजार पत्रे, म्हणजे एखाद्या अत्यंत पत्राळू लेखकाचा जन्मभराचा व्यवहार, शंभर मेगाबाइटांत मावतील. भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका मिनिटाच्या चित्रफितीला तेवढी जागा सहज लागते. म्हणजे शब्द वाचवण्यासाठी कोणतीही डिस्क कधी अपुरी पडत नाही. भार असतो तो चित्रांचा, चित्रफितींचा, जाहिरातींचा आणि पुनरुक्तीचा.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘मग मोठे तेवढे काढा, बारीक तेवढे ठेवा, आकारमानाचा नियमच बरोबर ठरला की!’ इंग्रजीपुरता तो बराचसा ठरतोही. मराठीत अडते ते येथे.

मराठी माणसे १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ई-पत्रे लिहू लागली तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षे पत्राच्या अंगात देवनागरी लिहिणे बहुतेकांना शक्य नव्हते. पत्राच्या अंगात असे ते रोमन लिपीतले ‘नमस्कार, लेख जोडला आहे, पोच द्यावी’ एवढेच. जो काही मराठी मजकूर होता तो जोडपत्रात असे. लेख श्रीलिपीत, आकृतीत, शिवाजी किंवा किरण टंकात, सीडॅकच्या आयएसएममध्ये अक्षरजुळणी करून वर्डच्या फाइलीतून जाई. अंक पेजमेकरच्या फाइलीतून जाई. आणि ज्यांना टंकलेखन येत नव्हते असे ज्येष्ठ लेखक हाताने लिहिलेली पाने कोणाकडून तरी स्कॅन करवून पाठवीत. या शेवटच्या प्रकारातली पत्रेच आकारमानाने सर्वांत मोठी असतात. कवितेचे खाडाखोडीसह चार पानांचे हस्तलिखित आणि लग्नाच्या मेजवानीची चार छायाचित्रे ही आकारमानाच्या यादीत एकमेकांशेजारी उभी राहतात. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारखीच जड.

नंतर युनिकोड आले, संकेतस्थळांवरून देवनागरी वाहू लागली, ‘ई-मेल’ला ‘विरोप’ म्हणजे विजेरी निरोप असा शब्दही काही उत्साही मंडळींनी घडवला. (शब्द गोड आहे, पण निरोप म्हणजे सांगावा तसेच निरोप म्हणजे पाठवणी, हा श्लेष तो घडवणाऱ्यांच्या मनात होता की नाही कोण जाणे.) तरीही जुने जोडपत्र जुनेच राहिले. त्या टंकांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते. टंक संगणकात नसेल तर फाइल उघडते आणि समोर रोमन अक्षरे, उद्गारचिन्हे व युरोपीय स्वरचिन्हे यांची खिचडी दिसते. अशी फाइल पाहून ‘ही बिघडली आहे’ असे समजणे अगदी स्वाभाविक, आणि बिघडलेली फाइल पुसणे त्याहून स्वाभाविक. वस्तुतः ती शाबूत असते. योग्य टंक बसवला किंवा परिवर्तकातून काढली तर बहुधा अक्षरन् अक्षर वाचता येते.

याहून सूक्ष्म हानी शोधाची. टपालपेटीत ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द शोधला आणि काही सापडले नाही, तर आपण समजतो की त्या विषयावरचे जुने काही नाही. प्रत्यक्षात एखाद्या अभ्यासकाने २००३ साली पाठवलेले वीस पानांचे टिपण तेथेच पडलेले असू शकते. फक्त यंत्राला त्यात ‘ज्ञानेश्वरी’ दिसत नाही. स्कॅन केलेल्या पानांबाबतही हेच. जे शोधात येत नाही ते नाहीच, या समजुतीवर आजची सगळी साफसफाई चालते. मराठीचा पहिल्या दहा-बारा वर्षांतला ई-पत्रव्यवहार त्या समजुतीला थेट बळी पडतो.

एवढा प्रश्न आताच का निकडीचा झाला, याला कारण आहे. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आले ते एक गिगाबाइट जागा देऊन. त्या काळी इतरत्र मोजके मेगाबाइट मिळत, त्यामुळे ‘आता काही पुसावेच लागणार नाही’ ही त्याची ग्वाही लोकांना खरी वाटली. २०१३ पासून पंधरा गिगाबाइटांची एकच मर्यादा टपाल, फाइली आणि छायाचित्रे यांना मिळून लागू झाली. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा गूगलने काढून घेण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले आणि २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून शंभर टेराबाइट ही पायाभूत मर्यादा आली. हजारो विद्यार्थ्यांच्या संस्थेत ती अपुरी पडू शकते, आणि मग ‘आपापली पेटी हलकी करा’ असे परिपत्रक निघते. २०२३ मध्ये त्याच कंपनीने आणखी एक धोरण जाहीर केले : दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती त्या वर्षीच्या डिसेंबरापासून काढून टाकली जाऊ शकतात. हा नियम साहित्याच्या अभ्यासकांनी दोनदा वाचावा. लेखक वारला, परवलीचा शब्द घरच्यांना ठाऊक नाही, कोणी खाते उघडले नाही. दोन वर्षांनंतर त्याचा सारा पत्रव्यवहार जाऊ शकतो. याहू ग्रुप्सचा अनुभव तर झालेलाच आहे. तेथील साठवलेली पत्रे २०१९-२० मध्ये हटवली गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद झाली.

कागदाच्या युगात असे होत नसे असे आम्ही म्हणत नाही. वाड्यांतल्या माळ्यांवरचे किती कागद वाळवीने खाल्ले, किती वाण्याच्या पुड्यांसाठी गेले, याची गणती नाही. तरी कागद दुर्लक्षित राहूनही टिकत असे, म्हणून तर वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दफ्तरे मिळवू शकले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने काढू शकले. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले. त्यांची पत्रे ज्यांना लिहिली होती त्यांनी ती जपून ठेवली होती, म्हणूनच पुढे त्यांचे खंड निघाले. ई-पत्राला ही सवलत नाही. त्याकडे दुर्लक्ष केले की ते जाते.

अन्यत्र याची जाणीव आधीच झाली आहे. ब्रिटिश लायब्ररीने २०११ मध्ये वेंडी कोप या कवयित्रीची कागदपत्रे विकत घेतली, त्यांत सुमारे ४०,००० ई-पत्रे होती. सुसान सोंटॅग यांच्या लॉस एंजेलिस येथील संग्रहात सतरा हजारांवर ई-पत्रे आहेत. आपल्याकडच्या मराठी विभागांनी लेखकाच्या हार्ड डिस्ककडे अद्याप पुरेसे पाहिलेले नाही. हस्तलिखित दिसले की आपण हात जोडतो. पीएसटी फाइल दिसली की संगणकवाल्याला बोलावतो.

सर्व काही जपावे असा आग्रह आम्ही धरत नाही. पत्रात दुसऱ्याचे खासगी आयुष्य असते, आजार असतात, उसनवारी असते, रागाच्या भरात लिहिलेले असते. पत्राचा कागद पावणाऱ्याचा असला तरी मजकुरावरचा हक्क भारतीय कायद्यानुसार लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या पश्चातही चालतो. एखाद्याने आपली पत्रे विचारपूर्वक नष्ट केली तर तो त्याचा अधिकार आहे. त्या निर्णयालाही एक वाङ्मयीन अर्थ असतो. आमचा आक्षेप आहे तो अविचाराने, केवळ मेगाबाइटांकडे पाहून होणाऱ्या नाशावर. काय ठेवायचे याचा निर्णय वाचून व्हावा, वजन करून नव्हे.

काम फारसे अवघड नाही. आधी संपूर्ण टपाल बाहेर काढावे. गूगलच्या ‘टेकआउट’मधून ते एमबॉक्स फाइलीच्या रूपात मिळते. ही फाइल थंडरबर्डच नव्हे, इतरही अनेक कार्यक्रम वाचू शकतात, आणि तिची रचना इतकी साधी आहे की पुढेही ती वाचता यावी. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत असाव्यात. त्यानंतर खुशाल कात्री चालवावी : जाहिराती, शुभेच्छा, निमंत्रणपत्रिकांच्या सात प्रती, चित्रफिती. २०१० पूर्वीच्या जोडपत्रांना मात्र ती उघडून पाहिल्याशिवाय हात लावू नये. जे टंक सापडतील त्यांच्या फाइलीही त्याच डिस्कवर ठेवाव्यात, आणि कोणते जोडपत्र कोणत्या टंकात आहे हे कळले असेल तर तसे एका साध्या मजकूरफाइलीत लिहून ठेवावे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून, अर्थात मालकाच्या संमतीने, एखाद्या निवृत्त अध्यापकाची जुनी जोडपत्रे युनिकोडमध्ये आणण्याचे काम देता येईल. पाठचिकित्सेचे जे धडे आपण पोथ्यांवरून शिकवतो ते तेथे जोडाक्षरांच्या घोटाळ्यांसह जिवंत भेटतील.

ज्यांचे वय झाले आहे अशा लेखकांच्या सहवासात जे आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट करावी. गूगलच्या खात्यात २०१३ पासून ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खाते ठरावीक महिने निष्क्रिय राहिले तर त्यातला मजकूर कोणाच्या हाती द्यावा, यासाठी दहापर्यंत व्यक्ती तेथे नेमता येतात. ती भरायला दहा मिनिटे लागतात, आणि लेखक स्वतः समोर बसलेला असावा लागतो.