पाळण्याच्या कडीकडे कोण पाहतो?

पाळण्याच्या दोरीविषयी आपल्याकडे जेवढे बोलले गेले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्याही दोरीविषयी बोलले गेले नसेल. शाळेचे स्नेहसंमेलन असो, महिलादिनाचे व्याख्यान असो, की निवडणुकीच्या तोंडावर भरविलेला मातांचा सत्कार असो; जगाचा उद्धार त्या दोरीवर सोपविणारे सुवचन उच्चारल्यावाचून वक्ता खाली बसत नाही. ती कल्पना मूळची आपली नव्हे. विल्यम रॉस वॉलेस या अमेरिकन कवीच्या, १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कवितेचे पालुपद मराठी लुगडे नेसून आपल्या घरांत शिरले आणि घरचेच होऊन बसले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः इंग्रजी कविता शिकवूनच पोट भरले आहे. माझी तक्रार निराळी आहे. दोरीचे इतके गोडवे गाणाऱ्या या समाजात, ती दोरी ज्या कडीत अडकविलेली असते त्या कडीकडे कोणी कधी मान वर करून पाहतो काय?

हा प्रश्न मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहून विचारीत आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता भोसरी, आकुर्डी, चिंचवड, तळवडे आणि शेवटी चाकण असा यंत्रांचा पट्टा पसरत गेला. मोजमाप हा या गावाचा कुळधर्म आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधले अंतर येथे मिलिमीटरच्या शतांशात मोजतात, आणि त्यात केसाएवढी चूक झाली तर अख्खा माल परत येतो. आणि याच गावात पाळण्याच्या दोन गजांमधले अंतर कोणी बोटांनीही मोजून पाहत नाही.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी स्वतःचा अपराध कबूल करणे बरे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीची मुलगी आमच्या घरी यावयाची होती, तेव्हा आजोबांच्या उत्साहाने मी एक नक्षीदार लाकडी पाळणा विकत आणला. त्यास कडेने मऊ उश्यांचा कोट होता, वर चिमण्या टांगलेल्या होत्या आणि आत मोहरीची उशी होती. आल्यागेल्याने कौतुक केले. फक्त शेजारचे एक गृहस्थ, ज्यांची हयात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली, काही बोलले नाहीत. ते घरी गेले, व्हर्नियर घेऊन आले, आणि गजांमधले अंतर मोजून म्हणाले, "साडेआठ सेंटिमीटर. सर, यातून बाळाचं धड बाहेर जाईल, डोकं अडकेल." तीस वर्षे शब्दांच्या अर्थच्छटा मोजण्यात घालविलेल्या माणसाला ही साधी गोष्ट दिसली नव्हती. ज्याला दिसली त्याच्यापाशी फक्त मोजण्याची सवय होती.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले. ते ज्ञान गूढ नाही. एका परिच्छेदात सांगता येईल इतके साधे आहे. पहिले वर्षभर मूल उताणे निजवावे. पालथे नव्हे, कुशीवर नव्हे. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे, हाताने दाबले तर खोल जाऊ नये. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटे जातील एवढी फट नसावी. गज एकमेकांपासून सहा सेंटिमीटरांहून दूर नसावेत. अंथरुणात बाळाखेरीज काहीही नसावे; उशी, लोड, जाड दुलई, मऊ बाहुले यांपैकी एकही नाही. निजताना डोक्यावर टोपडे नको आणि गळ्यात काळा दोरा तर नकोच नको. बाळाचे अंथरूण निदान सहा महिने आईच्या खोलीत, तिच्या हाताशी असावे, परंतु निराळे असावे. आणि मूल हातागुडघ्यांवर उठू लागले, की टांगलेल्या पाळण्याची मुदत संपली असे समजावे.

हे ज्ञान स्वस्तात आलेले नाही, आणि ते पाश्चात्त्यांना उपजतच होते असेही नाही. बालसंगोपनाचा ज्यांचा ग्रंथ घरोघर पूजिला गेला त्या डॉ. स्पॉक यांनी पन्नाशीच्या दशकातील आवृत्तीत मूल पालथे निजवावे असा उपदेश केला होता, आणि दोन पिढ्यांनी तो श्रद्धेने पाळला. चूक ध्यानात आल्यावर ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली मुले उताणी निजविण्याची मोहीम निघाली. पुढच्या काही वर्षांत, झोपेत अकस्मात दगावणाऱ्या तान्ह्यांची संख्या दोन्हीकडे निम्म्याहून खाली आली. कठडा खालीवर सरकणाऱ्या पाळण्यांत, निसटलेल्या कठड्याच्या फटीत मुले गुदमरली, म्हणून अमेरिकेने २०११ साली त्यांची विक्री बंद केली. २०२२ साली तेथे झालेल्या कायद्याने कडेच्या मऊ उश्यांवर आणि दहा अंशांहून अधिक उतार असलेल्या तान्ह्यांच्या बिछान्यांवर बंदी घातली. मी हौसेने आणलेला तो उश्यांचा कोट म्हणजे तिकडे बंदी घातलेला मालच होता.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला आक्षेप परंपरेच्या कैवाऱ्यांचा: "आमच्या आजीने दहा मुले याच पाळण्यात वाढविली, तिला कोणते मोजमाप ठाऊक होते?" आजीविषयी मलाही आदर आहे, आणि डॉ. स्पॉक यांचा ग्रंथ वाचलेला नसल्यामुळे मूल उताणे निजविण्यात ती त्यांच्यापेक्षा शहाणी ठरली हेही मी मान्य करतो. परंतु तिच्या दहांपैकी किती जगली, हा हिशेब कोणी मांडीत नाही. वंशावळ ही जगलेल्यांचीच असते; पाळण्यातच राहिलेल्यांची नावे तीत नसतात. आणि परंपराच हवी असेल तर ती पुरती घ्यावी. बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजविण्याची चाल आपल्याकडे आहे. तिचा मूळ हेतू काय असेल तो असो. मला तिच्यात एक उत्तम परीक्षा दिसते. बाळाहून जड दगड आधी घाला, दोरी ताणून पाहा, कडी हलते काय ते पाहा, आणि मगच पोटचा गोळा तिच्या स्वाधीन करा! आपण मात्र वरवंट्याला कुंची घालतो, त्याला हळदकुंकू वाहतो, त्याचे छायाचित्र काढतो, आणि कडीकडे न पाहताच त्याला बाहेर काढून ठेवतो. विधी राहिला, विवेक निघून गेला.

दुसरा पक्ष नव्या सुखवस्तू घरांचा. त्यांना आजी नको, दुकानदार हवा. जितका पाळणा महाग तितके वात्सल्य अधिक, ही त्यांची समजूत. आणि दुकानदार तिला खतपाणी घालतो. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे सक्तीचे झाले. खुळखुळा घेताना ते चिन्ह पाहणारा बाप, मूल ज्यात रोज पंधरा-सोळा तास काढणार त्या पाळण्याचे गज मोजावयास दुकानात पट्टी घेऊन गेलेला मी तरी पाहिलेला नाही. सुरक्षित पाळणा हा बहुधा सर्वांत साधा आणि ओकाबोका दिसणारा पाळणा असतो, हे सत्य विकण्यात कोणाचाच नफा नाही.

येथवर लिहून थांबलो असतो, तर हा लेख मध्यमवर्गाने मध्यमवर्गास केलेला उपदेश झाला असता. परंतु गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांबरोबर चाकणजवळच्या महाळुंगे गावी जाण्याचा प्रसंग आला. तेथे कामगारांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांची एक लांबच लांब रांग आहे. एका खोलीत छताच्या लोखंडी अँगलला साडीची झोळी बांधलेली, तीत तीन महिन्यांचा मुलगा, आणि झोळीची दोरी ओढावयास चार वर्षांची बहीण. मी नव्या नवशिक्याच्या उत्साहाने त्या मुलाच्या आईस उपदेश सुरू केला. झोळीत मूल दुमडते, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते. मोठी भावंडे झोळीशी खेळताना गळ्याला फास बसून दगावल्याच्या नोंदी आपल्या न्यायवैद्यकाच्या नियतकालिकांत आहेत, इत्यादी. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, समदं खरं. पण खाली टाकलं तर उंदीर येतोय, पावसात पाणी येतंय. खाटेवर टाकावं तर रातपाळीचा बाप झोपलाय. लेकराला ठेवू कुठं, तेवढं सांगा."

विद्यार्थी माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या दिवशी मजपाशी उत्तर नव्हते. टूलरूमच्या त्या शेजाऱ्यांनी पुढे सुट्या भागांच्या पॅकिंगच्या लाकडातून एक खाटले करून दिले. गजांत पाच सेंटिमीटरांचे अंतर, तळ सपाट, कापसाची घट्ट गादी, वर ताणून बसविलेली मच्छरदाणी, आणि मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या. बाळ आता जमिनीवर नाही आणि टांगलेलेही नाही. परंतु त्या रांगेत शेकडो खोल्या आहेत, आणि आमचे शेजारी एकटे आहेत. शिवाय दिवसा आई कारखान्यात असताना त्या खाटल्यापाशी कोण बसणार? चार वर्षांची बहीणच!

म्हणून या वादाचे खरे ठिकाण पाळण्याचे दुकान नव्हे, पाळणाघर हे आहे. पाहा, आपल्या भाषेने त्या संस्थेच्या नावातच पाळणा ठेवला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती केली होती. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली. २०१७ च्या दुरुस्तीने, पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, मग ती माणसे स्त्रिया असोत वा पुरुष, पाळणाघर सक्तीचे केले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासांचा तोच आकडा आहे. परंतु या पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांच्या सावलीत जी लहानलहान वर्कशॉपे आहेत, तेथे वीस, तीस, चाळीस माणसे राबतात. एकोणपन्नास माणसांच्या शेडमधील आईचे मूल कायद्याच्या दृष्टीने जन्मालाच आलेले नसते.

अशा शेडांत काय चालते हे आपणांस ८ डिसेंबर २०२३ रोजी कळले. त्या दिवशी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्यास आग लागली आणि तेथे राबणाऱ्या स्त्रियांचा बळी गेला. दुसऱ्यांच्या मुलांच्या वाढदिवसासाठी त्या राबत होत्या. जेथे आईचीच मोजदाद नव्हती, तेथे तिच्या मुलाची कोणी करावी?

कारखानदार म्हणतात, पाळणाघर काढले तर ते ओस पडते. पडेलच! पहाटे सहाच्या पाळीस येणाऱ्या आईने तान्हे मूल घेऊन दहा मैल कसे यावे, याचा विचार पाळणाघर काढणाऱ्याने केला होता काय? मुले जेथे आहेत तेथे पाळणाघर गेले पाहिजे. ही गोष्ट अशक्य म्हणावी, तर मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर धुळीत पडलेली मजुरांची मुले पाहून फिरते पाळणाघर सुरू केले, आणि पुण्यातही बांधकामांवर तसे काम झाले आहे. तंबूत जे साधले ते औद्योगिक वसाहतीत का साधू नये? माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. एक, पाळणाघराची मोजणी एकेका शेडवर न करता साऱ्या वसाहतीवर करावी, आणि शंभर लहान वर्कशॉपांनी मिळून कामगारांच्या खोल्यांजवळ ते चालवावे. दोन, सरकारी वा महापालिकेच्या रुग्णालयातून बाळंतीण घरी निघते तेव्हा, लस आणि औषधे यांच्या जोडीला, बाळ कसे व कोठे निजवावे हे तिला प्रत्यक्ष खाटले दाखवून सांगावे. आणि ज्या घरी ते नाही त्या घरी ते द्यावे. फिनलंडने १९३८ सालापासून मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी देण्यास आरंभ केला. तीच पेटी, तळाशी गादी घालून, बाळाचे पहिले अंथरूण होई. आपला पट्टा त्या काळच्या फिनलंडहून दरिद्री आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

दरवर्षी शिवजयंतीस याच पुणे-नाशिक रस्त्याने माणसांची रीघ शिवनेरीकडे लागते. जन्मस्थानी ठेवलेला पाळणा स्त्रिया भक्तिभावाने हलवितात, आणि ते दृश्य पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी येते. त्या वाटेवर चाकण लागते. परतताना एकदा तरी गाडी थांबवावी, पत्र्याच्या एखाद्या खोलीत डोकावावे, मान वर करावी, आणि दोरी कशाला बांधली आहे व ती कोणाच्या हाती दिली आहे, एवढे पाहावे.