कर्बाम्लवायूच्या मापीचीही परीक्षा हवी

बाजारात धान्य नेणारा शेतकरी तराजूवर शिक्का आहे की नाही, हे आधी पाहतो. दूध घालणाराही मापावर नजर ठेवून असतो. परंतु अळिंबीच्या शेडमध्ये, हरितगृहात अगर केळी पिकविण्याच्या खोलीत टांगलेल्या लहानशा मापीने दाखविलेला आकडा मात्र तोच शेतकरी निमूटपणे मान्य करतो. चमकणारे अंक चुकीचे असतील, अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. ही श्रद्धा महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या हिवाळ्यात धिंगरी अळिंबीची एक शेड पाहण्याचा योग आला. अळिंबीचे देठ लांबलचक आणि छत्र्या मात्र बटणाएवढ्या होत्या. हे कोंडलेल्या हवेचे लक्षण होय. छत्र धरण्याच्या वेळी धिंगरीला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतील कर्बाम्लवायू, हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १,००० भागांपेक्षा अधिक झालेला मानवत नाही. मालकांना हे ठाऊक होते. त्यांनी मापीकडे बोट दाखविले. "साहेब, आकडा नऊशेचा आहे, हजाराच्या आत. मग दोष हवेचा कसा?" त्या आकड्यावर विसंबून त्यांनी थंडीसाठी निम्मे झरोके पोत्यांनी बंद केले होते.

आम्ही मापी बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवली. वीस मिनिटांनी तिने साठ हा आकडा दाखविला. आज मोकळ्या हवेत हा वायू ४२० भागांच्या पुढे आहे. साठ भागांची हवा पृथ्वीवर कोठेही वाहत नाही. मापी सुमारे साडेतीनशेने कमी दाखवीत होती आणि शेडमधील खरा आकडा साडेबाराशेच्या घरात होता.

असे का व्हावे? या मापीत एका टोकास अवरक्त किरणांचा लहान दिवा असतो व दुसऱ्या टोकास ते किरण मोजणारा घटक. कर्बाम्लवायू ४.२६ मायक्रोमीटर लांबीच्या लहरी शोषून घेतो. वायू जितका अधिक, तितके कमी किरण पलीकडे पोहोचतात, आणि त्यावरून आकडा काढला जातो. हा वायू उष्णतेचे किरण शोषतो, हे जॉन टिंडॉल यांनी १८५९ साली सुरू केलेल्या प्रयोगांतून दाखविले. तत्त्व पक्के आहे. पण दिवा काळानुसार मंद होतो, आतील पृष्ठभागावर धूळ अगर दव बसते, आणि मापी हळूहळू सरकते.

यावर पुष्कळ उत्पादकांनी एक युक्ती योजली आहे. मापी आठवडाभरातील सर्वांत लहान आकडा लक्षात ठेवते आणि 'हीच बाहेरची शुद्ध हवा' असे समजून त्यास ४०० ठरविते. रात्री रिकाम्या होणाऱ्या कचेरीत ही युक्ती ठीक चालते. अळिंबीच्या शेडमध्ये बाहेरची शुद्ध हवा कधीच पुरती शिरत नाही. तेथील सर्वांत लहान आकडा ८०० असला, तर मापी त्या ८००लाच ४०० म्हणू लागते. शेतकऱ्याने झरोके आणखी मिटले की पुढील आठवड्यात ती आणखी चुकते. बंद हरितगृहात याच्या उलट घडते. दुपारी पिके वायू ओढून घेतात व तो ३००च्याही खाली जाऊ शकतो. मापी त्यालाच ४०० मानते, आणि पीक उपाशी असता आकडा मात्र पोटभर दिसतो. ही आपोआप सुधारणा अशा ठिकाणी बंदच ठेवली पाहिजे. विक्रेता हे सांगत नाही, म्हणून कार्यकर्त्याने सांगावे.

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांतील मौना लोआ येथे अशाच तत्त्वाच्या यंत्राने हवेचे मापन सुरू केले, तेव्हा आकडा सुमारे ३१५ होता. २०२४ साली तेथील वार्षिक सरासरी ४२४च्या वर गेली. ही नोंद जगाने मानली, कारण ते यंत्र ज्ञात प्रमाणाच्या वायूशी वारंवार ताडून पाहिले जाई. तज्ज्ञ माणूस ज्या यंत्रावर आंधळा विश्वास ठेवीत नव्हता, त्याच्या स्वस्त भावंडावर आपण तो का ठेवावा?

परीक्षा अवघड नाही. पहिली मोकळ्या हवेची. दुपारी, थोडा वारा असताना, पीक, इंजिन व माणसे यांपासून दूर मापी वीस मिनिटे सावलीत ठेवावी. पहाटे हे करू नये. वारा पडलेला असता पिकांच्या व जमिनीच्या श्वसनाने हा वायू खाली साचतो. आकडा ४२५च्या मागेपुढे पन्नासात आला, तर समाधान मानावे.

एवढ्याने वरच्या आकड्यांची खात्री पटत नाही. त्यासाठी प्रमाणित वायूची टाकी उत्तम. ती नसल्यास पिंपाचा प्रयोग करावा. २०० लिटरच्या स्वच्छ पिंपात मापी, एक लहानसा बॅटरीचा पंखा व पसरट वाटीत ५० मिलिलिटर व्हिनेगर ठेवावे. सोनाराच्या काट्यावर तोललेला १ ग्रॅम खाण्याचा सोडा पातळ कागदात बांधून दोऱ्याने टांगावा. तोंडास जाड पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधावे, आकडा टिपावा, मग पुडी वाटीत सोडावी. एक ग्रॅम सोड्यातून सुमारे २९० मिलिलिटर वायू निघतो, म्हणून अर्ध्या तासात आकडा साधारण १,४५० भागांनी वाढला पाहिजे. शे-दोनशेचा फरक पिंपाच्या मापाचा अगर गळतीचा समजावा. वाढ सात-आठशेच झाली, तर मापी परत करावी. पिंपावर वाकून श्वास मात्र सोडू नये, कारण आपल्या उच्छ्वासात हा वायू शेकडा ४ असतो.

दोन मापी शेजारी ठेवून 'जुळल्या' म्हणणे ही परीक्षा नव्हे. दोन्ही एकाच दुकानच्या असल्या, तर सारख्याच चुकतील. उंचीचेही भान हवे. महाबळेश्वरास हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे सातवा हिस्सा कमी असतो, आणि दाबाची दुरुस्ती नसलेली मापी तेथे जवळजवळ तेवढेच कमी दाखविते.

काही स्वस्त मापींत अवरक्त दिवा नसतोच. इतर वाफांवरून त्या कर्बाम्लवायूचा अंदाज करतात. स्पिरिटचा बोळा जवळ नेताच आकडा उसळला, तर ती असली वस्तू समजावी. फळे पिकविण्याच्या खोलीत ती घातक होय, कारण तेथे हा वायू माणसाच्या जिवाशी येतो. ४०,००० भाग, म्हणजे शेकडा ४, ही पातळी तत्काळ धोक्याची मानली जाते. ५,०००पर्यंतच मोजणारी मापी तेव्हाही ५,०००वरच थांबलेली दिसते. अशा खोलीत दारे उघडून हवा खेळविल्याखेरीज कोणी पाऊल टाकू नये, मापी काहीही म्हणो.

प्रत्येक शेतकऱ्याने प्रमाणित वायूची टाकी घ्यावी, असे म्हणणे वेडेपणाचे होईल. तालुक्यास एक टाकी व एक तपासलेली मापी मात्र असावी, आणि कार्यकर्त्याने हंगामाच्या आरंभी ती घेऊन शेडोशेड फिरावे. नोंदवहीत आकड्याशेजारी मापी कधी तपासली, ती तारीख लिहावी. तारीख नसेल, तर त्या आकड्यावरून कोणासही सल्ला देऊ नये.

त्या शेडमधील मापीची आपोआप सुधारणा आम्ही बंद केली, मोकळ्या हवेत ती पुन्हा लावून दिली आणि झरोक्यांवरील पोती काढली. पुढच्या तोडणीला छत्र्या तळहाताएवढ्या भरल्या.