अनुदान आणि आपली ओंजळ

शेतीसाठी सरकार पैसा देते, मग गावची शेते पडीक का, हा प्रश्न आज गोव्यातील पुष्कळ घरांत विचारला जातो. त्याची दोन उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणतो, सरकारचा पैसा खऱ्या शेतकऱ्याच्या हाती पडतच नाही. कोणी म्हणतो, आमच्या लोकांना आता चिखलात पाय घालणेच नको. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश असेल. परंतु दोन्ही अपुरी आहेत असे आम्हांस वाटते. आमची शेती सर्वांच्या आधाराने उभी राहते, आणि अनुदान मात्र आम्ही एकेकटे मागतो, ही खरी अडचण आहे.

आमच्या खाजनांचेच उदाहरण घ्या. मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून आमच्या पूर्वजांनी मिळविलेली ही जमीन. चिखल, दगड व पेंढा यांचे बांध; भरतीच्या वेळी मिटणारी व ओहोटीला उघडणारी मानस; पाणी सामावून घेणारी पोय; आणि खारटपणा सोसणारे कोरगूट भात, अशी तिची रचना. या रचनेत कोणाचेही शेत केवळ त्याचे एकट्याचे नाही. बांध एका ठिकाणी फुटला तरी खारे पाणी साऱ्यांच्या शेतांत शिरते आणि पिकाची आशा बुडते. एकाने अनुदानातून यंत्र आणले, दुसऱ्याने पंप बसविला, तरी फुटलेल्या बांधापुढे त्यांचा काय उपयोग?

पूर्वी या बांधांची चिंता गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, वाहत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली, आणि १९७५ च्या नियमांनी तिला नावच 'संयुक्त जबाबदारी' असे दिले. मानशीवरील मासळीची पावणी होते, तिचे उत्पन्न या संघांना मिळते. तो पैसा बांधावर खर्च झाला तर शेत वाचते. परंतु अधिक मासळीच्या लोभाने मानस अवेळी उघडी राहिली, तर त्याच उत्पन्नापायी शेत खारावते. पैसा असणे पुरेसे नाही. तो कशासाठी आहे याचा विसर पडता कामा नये.

आता सरकारी साहाय्याच्या अटी पाहा. २०१५ साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेने सेंद्रिय शेतीसाठी ५० शेतकऱ्यांनी मिळून ५० एकरांचा गट करावा असे सांगितले. २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेने लहान उद्योगाच्या खर्चाचा ३५ टक्के भाग, १० लाख रुपयांपर्यंत, देऊ केला. मात्र निदान १० टक्के रक्कम उद्योजकाने स्वतः घालावी व उरलेली बँकेकडून कर्जाऊ घ्यावी, अशी अट घातली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता मिळालेल्या नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानासाठी २,४८१ कोटी रुपये ठरविण्यात आले. त्याचीही मांडणी १५,००० समूहांची आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली पारंपरिक बियाणे जतन करणाऱ्या समुदायासाठी १० लाख रुपयांचा पुरस्कार ठेवण्यात आला. आणि शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करण्यास शुल्क पडत नाही. या साऱ्यांतून एकच गोष्ट दिसते: देणारा आधी विचारतो, तुम्ही कितीजण आहात, आणि तुमची स्वतःची ओंजळ किती?

ज्यांच्यापाशी काहीच नाही त्यांनी ओंजळ कोठून आणावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ओंजळ नेहमी रुपयांचीच असते असे नाही. बांधावर दिलेले चार दिवसांचे श्रम, कणगीत राखलेले कोरगुटाचे बी, दर महिन्याला बचतगटात टाकलेली थोडी रक्कम, ही सारी ओंजळच होय. तिचा हिशेब वहीत लिहिलेला असला म्हणजे अर्जाला वजन येते.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. गोव्यात बहुतेक कृषी योजनांसाठी कृषी कार्ड लागते, आणि त्यासाठी जमिनीचा कागद लागतो. तो कागद कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या नावे पडून आहे. वारसदार मुंबईत, आखातात वा पोर्तुगालात. लावणी आणि कापणी करणाऱ्या बाईचे नाव मात्र त्यावर कोठेच नसते. कसणाऱ्या हातांना केवळ कागदाअभावी रिकामे परतविणे हा अन्याय आहे. तसेच अर्ज मराठीत व कोंकणीत मिळावेत, आणि एकेकट्याच्या यंत्राआधी सर्वांच्या बांधाला पैसा मिळावा, असे आम्हांस आग्रहाने म्हणावेसे वाटते.

विद्यार्थिमित्रांनो, यात तुमचाही वाटा आहे. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना शेत कळते. तुम्हांला लिहिता-वाचता येते. ही दोन ज्ञाने एका अंगणात नांदत असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. येत्या सुटीत घरच्या जमिनीचा उतारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहा. आजीला विचारून तिला ठाऊक असलेल्या भाताच्या जाती लिहून ठेवा. कुळांच्या संघाची सभा असेल तर काकांबरोबर जा आणि जमाखर्च नीट ऐका. विभागीय कृषी कार्यालयात जाऊन कोणती योजना आज चालू आहे, तिची मुदत कधी संपते, हे खरेदीपूर्वी विचारा. अर्ज भरताना एक प्रश्न अवश्य लिहून ठेवा: अनुदान संपल्यावर चौथ्या वर्षी हे काम कोण चालविणार? त्याचे उत्तर ज्या गावापाशी आहे, त्या गावाला पैसा फळतो. ज्या गावापाशी नाही, तेथे अनुदान पहिल्या पावसासारखे येते आणि ओहळातून वाहून जाते.

पाणी अडविण्यास बांध हवा. तो बांध आपणच घालावयाचा आहे, आणि सर्वांनी मिळून.