तुळजापूरच्या काळ्या दगडातही लोखंड आहे, मग खाण गडचिरोलीतच का?

तुळजापूरचा घाट चढताना दिसणारा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. या दगडात वजनाने साधारण 8 ते 10 टक्के लोखंड असतं. तरी बालाघाटच्या डोंगरात कुणी लोखंडाची खाण काढत नाही. राज्यात चर्चा असते ती गडचिरोलीतल्या सुरजागडची. असं का? समजून घेऊ.

दगडाचं 'खनिज' कधी होतं?

धातू असून भागत नाही, तो परवडेल अशा खर्चात सुटा करता यायला हवा. बेसाल्टमधलं बरंचसं लोखंड सिलिकासोबत घट्ट बांधलेलं असतं. सुरजागडच्या हेमेटाइटमध्ये ते फक्त ऑक्सिजनशी जोडलेलं आहे. शुद्ध हेमेटाइटमध्ये सुमारे 70 टक्के लोखंड असतं. भट्टीत कोळशापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू हा ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे लोखंड उरतं.

मग आता वाद कशाचा?

सुरजागडला चांगल्या हेमेटाइटसोबत 'बीएचक्यू' नावाचा दगडही आहे. त्यात हेमेटाइट आणि गारेचे पट्टे एकाआड एक असतात. लोखंड साधारण 30 ते 40 टक्केच. तो थेट भट्टीत टाकता येत नाही. आधी पिठासारखा दळायचा, मग पाणी आणि शक्तिशाली चुंबकांच्या मदतीने लोहकण वेगळे करायचे. या प्रक्रियेला 'बेनिफिसिएशन' म्हणतात.

या प्रकल्पासाठी सुमारे 937 हेक्टर वनजमीन देण्याची तत्त्वतः शिफारस केंद्राच्या वन सल्लागार समितीने मे 2025 मध्ये केली. त्यासाठी लाखाहून जास्त झाडं तोडावी लागतील.

हिशेब काय सांगतो?

35 टक्के लोखंडाचा 100 किलो दगड घ्या. त्यातून 65 टक्क्यांचा माल बनवायचा. एक कणही वाया गेला नाही, तरी हाती येतो सुमारे 54 किलो माल. उरलेला 46 किलो बारीक गाळ कुठेतरी साठवावाच लागतो. प्रत्यक्षात काही लोखंडही गाळात जातं, म्हणजे गाळ आणखी वाढतो. दळायला वीज आणि धुवायला पाणी लागतं, ते वेगळंच.

दुसरी बाजू

हलका दगड वापरला तर तो टाकाऊ म्हणून पडून राहत नाही, खाणीचं आयुष्य वाढतं. कोनसरीच्या कारखान्यामुळे जिल्ह्यात रोजगार येतोय, हेही खरं. पण माडिया गोंडांसाठी सुरजागडचा डोंगर म्हणजे ठाकूरदेवाचं स्थान. बालाघाटावर आई भवानीला मानणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

थोडक्यात

दगडात लोखंड जितकं कमी, तितकी जास्त जमीन, पाणी, वीज आणि गाळ. त्यामुळे पुढच्या वेळी 'इतके लाख टन उत्पादन' अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा: दगडात लोखंड किती टक्के? आणि उरलेला गाळ कुणाच्या गावाशेजारी?