डोक्याला करंट, हाताला सुट्टी?

"लकव्याने गेलेला हात मेंदूला करंट देऊन परत मिळवा." मोबाईलवर अशा जाहिराती हल्ली धडाधड येतात. चकचकीत मशीन, डोक्याला काहीतरी लावून बसलेला पेशंट आणि खाली दहा-वीस सेशनचं पॅकेज. घरात स्ट्रोकचा पेशंट असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

आधीच सांगतो, मेंदूचं स्टिम्युलेशन हे थोतांड नाही. जगभरातले चांगले न्यूरोसायंटिस्ट त्यावर कित्येक वर्षं राबतायत. पण त्यांचं संशोधन एक सांगतं आणि जाहिरात भलतंच सांगते.

अमेरिकेत १२ केंद्रांवर १९९ पेशंटवर एक चाचणी झाली. २०१८ साली निकाल छापून आला. काहींच्या मेंदूला खरं चुंबकीय स्टिम्युलेशन, बाकीच्यांना नुसतं दिखाव्याचं. हाताची थेरपी मात्र सगळ्यांना. सहा महिन्यांनी हातात ठळक सुधारणा किती जणांत? खऱ्या मशीनवाल्यांत ६७ टक्के, खोट्या मशीनवाल्यांत ६५ टक्के! आता तुम्हीच सांगा, दोन्ही गटांना सारखं काय मिळालं होतं?

त्याआधी एका अमेरिकन कंपनीने कवटी उघडून मेंदूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून पाहिले. छोट्या चाचण्यांत आशा दिसली, २००८ मध्ये मोठ्या चाचणीत फुगा फुटला. कंपनीने गाशा गुंडाळला.

मग यश कुठेच नाही का? आहे की. मानेतल्या व्हेगस नर्व्हला करंट देणाऱ्या उपकरणाला २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली. १०८ पेशंटची चाचणी होती. ६६ गुणांच्या हाताच्या परीक्षेत या गटाचे ५ गुण वाढले, दुसऱ्याचे २.४. पण ते वापरतात कसं, हे बघा. पेशंटने हात हलवला की थेरपिस्ट बटन दाबतो. असं एका सेशनमध्ये शेकडो वेळा, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. म्हणजे थेरपिस्ट नसेल तर ते मशीन नुसता डबा!

क्लीव्हलँड क्लिनिकचे न्यूरोसर्जन आंद्रे माचाडो यांनी लहान मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवले. २०२३ च्या अहवालात १२ पैकी ९ जण सुधारले. तिथेही जोडीला अनेक महिन्यांची थेरपी होतीच आणि १२ पेशंट म्हणजे अजून सुरुवात आहे.

फोडणी कितीही झणझणीत द्या, पातेल्यात डाळच नसेल तर काय उपयोग? डाळ म्हणजे फिजिओथेरपी. आणि तीच आपल्याकडे कोणाला परवडत नाही.

आता सरकारकडे वळू. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच. पण ते ॲडमिट झालात तर. डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवस, ओपीडी नाहीच. हात परत यायला महिने लागतात हो! सोळाव्या दिवशी पेशंटने काय करायचं?

"घरच्यांनी व्यायाम करून घ्यावा" म्हणे. तेही आपल्याच देशात तपासून झालंय. १४ रुग्णालयं, १,२५० पेशंट, घरच्यांना रीतसर ट्रेनिंग. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी झालेले पेशंट ट्रेनिंगच्या गटात ४७ टक्के, दुसऱ्या गटातही ४७ टक्के. घरच्यांच्या माथी मारून भागत नाही, हे सिद्ध होऊनही वर्षं लोटली.

म्हणून क्लिनिकवाल्यांना तीन प्रश्न विचाराच. मशीनसोबत हाताची थेरपी किती तास देणार? कोण देणार? आधीचे आणि नंतरचे गुण कागदावर लिहून देणार का? उत्तर टाळलं तर उठून या.

आणि आमदार-खासदारांना एकच विचारा. स्ट्रोकनंतर किमान सहा महिन्यांची फिजिओथेरपी योजनेत कधी घेणार? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट कधी बसणार? लकवा झालेल्या शेतमजुराला डोक्यावरच्या टोपीआधी हात धरून शिकवणारा माणूस हवाय.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आकडे घेऊन या.