वाकड्या केकची बाजू

मागे एका नाताळात, एका धर्मग्रामातील केक सजावटीच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. लांबलचक टेबलावर कागदी वाट्यांतले छोटे केक, ज्यांना आपली मुले आता सर्रास ‘कपकेक’ म्हणतात, ओळीने मांडलेले होते. कुणावर साखरेचा हिममानव, कुणावर सांताबाबाची लाल टोपी, कुणावर चांदीच्या मण्यांनी मढवलेले सूचिपर्णी झाड. पहिले बक्षीस कोणते, याविषयी आम्हा तिघा परीक्षकांत मुळीच दुमत नव्हते. वाद उद्भवला तो मी त्या बक्षीसपात्र केकचा तुकडा मोडून तोंडात टाकला तेव्हा! ‘अहो, ते खायचे नाहीत, पाहायचे आहेत,’ असे संयोजकांनी मला बजावले. पण तोवर तुकडा जिभेवर पोहोचला होता. साखरेच्या जाड लेपाखालचा केक शिळा व कोरडा ठणठणीत होता. चौकशी करता कळले, की तो बाजारातून आणलेला होता. आणि केक स्वतः भाजलेला असावा अशी अट नियमावलीत कुठेच नव्हती.

त्याच संध्याकाळी बहिणीच्या घरी गेलो. दहा वर्षांची भाची रुसून बसली होती. आदल्या दिवशी तिने आयुष्यात प्रथमच बारा केक भाजले होते. ‘मामा, माझे केक वर फुटले. म्हणून आईने स्पर्धेत ठेवू दिले नाहीत. लोक काय म्हणतील, म्हणाली.’ मी डबा उघडला. केक फुटले होते, दोन तर लंगड्यासारखे एका अंगावर कललेही होते. परंतु आत ते मऊसूत होते आणि त्यांत बारीक चिरलेल्या सुकेळ्यांचा गोडवा उतरला होता. वसईच्या राजेळी केळ्यांची ही सुकेळी तिच्या आजीने डब्यात जपून ठेवलेली. बारापैकी एकही केक टेबलावर गेला नाही. हा लेख मी त्या बारा केकांच्या वतीने लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: नाताळची न्याहारी आपण डोळ्यांच्या स्वाधीन केली आहे. मोबाइलच्या पडद्यावर जे शोभेल तेच आपल्याला सणाचे वाटू लागले आहे. त्यामुळे जो नवखा आहे, ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच अडवतो. आणि ज्या घरात नवख्याला चुकण्याची मुभा नाही, त्या घरातील कला एका पिढीत संपते.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या अभिमान्यांचा. ‘कपकेक हे परदेशी खूळ आहे, आपले फुगे, करंज्या, कलकल काय वाईट?’ मुळीच वाईट नाहीत. पण कपकेकचा जन्म सजावटीच्या दुकानात झाला, हा समज तेवढा दूर व्हावा. १७९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात लहान कपांत भाजण्याच्या हलक्या केकची कृती आहे. १८२८ साली एलायझा लेस्ली यांनी ‘कप केक’ हे नाव छापले. म्हणजे हा मुळात साध्या घरगुती चुलीचा पदार्थ. आपल्या आज्यांनीही केक पातेल्यातच भाजला. तळाशी वाळू, झाकणावर निखारे. पदार्थ परका की आपला, हे त्याचा जन्म कुठे झाला यावरून ठरत नाही. तो आपल्या हातांनी घडतो की नाही, यावरून ठरते. या न्यायाने बाजारातून मागवलेल्या करंज्याच अधिक परक्या!

दुसरा आक्षेप गृहिणींचा. ‘लोणी, अंडी, मैदा महाग आहे, मुलांनी नासाडी केली तर?’ म्हणूनच तर छोटा केक हा शिकाऊ हातासाठी सर्वांत योग्य. मोठा केक बिघडला तर सगळाच बिघडतो; बारा वाट्यांत चार बिघडल्या तरी आठ उरतात. हिशोबही सोपा आहे. दोन अंडी कवचासह तोलावीत; जेवढे वजन भरेल तेवढेच लोणी, तेवढीच साखर आणि तेवढाच मैदा घ्यावा. मैद्यात चहाचा एक चमचा बेकिंग पावडर मिसळावी. ही पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली शोधली ती यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी. अर्थात तिचा उगमही घरातल्या मायेतूनच झालेला. लोणी व साखर पांढरट होईपर्यंत फेसावी, अंडी एकेक करून घालावीत, मैदा मात्र हलक्या हाताने, जेमतेम मिसळेपर्यंतच ढवळावा. फार घोटला तर त्यातील चिकटपणा वाढून केक वातड होतो. वाट्या दोन-तृतीयांश भराव्यात आणि १८० अंश सेल्सिअसला सुमारे १८ ते २० मिनिटे भाजाव्यात. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी व रबर काढून, तळाशी मीठ पसरून, पाण्याविना मंद आचेवर भाजता येतो. वेळ मात्र थोडा अधिक लागतो.

भाचीचे केक फुटले याचे कारण तिला त्या संध्याकाळी दहा मिनिटांत समजले: आच प्रखर होती, वरचा पापुद्रा आधी आवळला आणि आतला फुगता लगदा तो फोडून बाहेर आला. पुढच्या वेळी तिने आच उतरवली. विकतच्या डब्याने तिला हे कधी शिकवले असते काय?

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या अनेक भगिनी घरी केक बनवून विकतात. डिसेंबरच्या कमाईवर कुणाची फी भरली जाते, कुणाचे कर्ज फिटते. त्यांच्या पोटावर पाय आणण्याचा माझा हेतू नाही. मोठा केक त्यांच्याकडून अवश्य घ्यावा. परंतु त्यांच्या हातातील कौशल्याचे आपण केवळ गिऱ्हाईक का व्हावे? आगमनकाळातील एका रविवारी त्यांना योग्य मानधन देऊन धर्मग्रामाच्या सभागृहात मुलांना शिकवायला बोलवावे. त्यांचा मान वाढेल आणि विद्याही पसरेल.

आता सजावटीविषयी. सजावट नको असे मी म्हणत नाही. सण आहे, नटणे आलेच. पण आधी केक पूर्ण निवू द्यावा, कारण ऊन केकवर लोण्याचे आयसिंग वितळून ओघळते, आणि नवख्याचे निम्मे अश्रू याच घाईचे असतात. एक भाग लोण्याला दोन भाग दळलेली साखर पुरे. गुलाबी रंगासाठी त्यात बिटाच्या रसाचे काही थेंब घालावेत. बिटाचा रंग भट्टीत फिका पडतो, आयसिंगमध्ये मात्र टिकतो. आणि हिमाचा एवढा हव्यास कशासाठी? वसईच्या, अलिबागच्या, गोव्याच्या नाताळात कधी बर्फ पडला आहे? त्यापेक्षा खवलेले खोबरे मंद आचेवर सोनेरी भाजून केकवर पसरा. गोठ्यातील गवत झाले! त्यावर एक काजू निजवा. नवख्या हाताला जमेल, मुलाच्या पोटाला सोसेल आणि सणाचा अर्थही सांगेल, अशी याहून सुंदर सजावट मला ठाऊक नाही.

धर्मग्रामांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, केक स्पर्धकानेच भाजलेला असावा. दुसरी, परीक्षकांनी तो खावा, आणि शंभरांपैकी किमान साठ गुण चवीला असावेत. तिसरी, प्रथमच केक भाजणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र टेबल असावे. तिथे क्रमांक नकोत, फक्त ताटल्या, चमचे आणि भुकेली माणसे असावीत. आणि मातांना एकच विनंती: डिसेंबरातील एक दुपार आपले स्वयंपाकघर मुलांच्या हवाली करा. मैदा सांडेल. तो पुसता येतो. मुलांचा हिरमोड पुसणे तेवढे सोपे नसते.

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. त्या गावी ज्याचा जन्म झाला, त्याला निजायला साजशृंगार केलेला पलंग लाभला नाही. लाभली ती गुरांची गव्हाण. त्याचा वाढदिवस साजरा करताना एका लेकराने स्वतःच्या हाताने भाजलेला, थोडा फुटलेला, थोडा कललेला केक आपल्याला टेबलावर ठेवण्याची लाज वाटावी, याचीच खरे तर आपल्याला लाज वाटायला हवी.