मार्लवाईला जमलं ते आज का जमत नाही?

उटनूरहून जैनूरकडे जाताना आत वळलं की मार्लवाई लागतं. पूर्वी हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 2016 साली जिल्हे फुटले आणि ते आसिफाबादेत गेलं. गावात बेट्टी एलिझाबेथ या इंग्रज बाईंची समाधी आहे. 11 जानेवारी 1987 रोजी त्या हैदराबादेत वारल्या आणि त्यांना इथे आणून पुरलं. त्यांचे पती क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1995 साली लंडनमध्ये गेले, त्यांच्या अस्थीही पुढे इथेच आल्या. दर 11 जानेवारीला गोंड लोक इथे जमतात. जग हायमेनडॉर्फना मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखतं. मी आयुष्यभर नारनूर भागात सरकारी मराठी शाळेत शिकवलं. माझ्या लेखी ते आणि बेट्टीबाई आधी मुलांची माणसं होती.

1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा नेता कुमरम भीम मारला गेला. जंगल खात्याने गोंडांना त्यांच्याच शेतांवरून हुसकावलं होतं, त्याविरुद्ध त्याने उठाव केला होता. गोंड का पेटले हे शोधायला निजाम सरकारने हायमेनडॉर्फना धाडलं. ते व्हिएन्नाचे. महायुद्ध सुरू झालेलं, पासपोर्ट शत्रुराष्ट्राचा, त्यामुळे हैदराबाद संस्थानाबाहेर पडायची त्यांना मुभा नव्हती. नवरा-बायको मार्लवाईत गोंडांसारख्याच घरात राहिले, गोंडी शिकले. लोकांना जमिनीचे पट्टे द्या आणि पोरांना शाळा द्या, हे त्यांनी सरकारला सांगितलं. सरकारचा हेतू असंतोष शमवण्याचा होता, हे मला माहीत आहे. पण शाळेत बसलेल्या पोराला सरकारच्या हेतूशी काय करायचं?

1943 साली मार्लवाईत शिक्षक घडवण्याचं केंद्र उघडलं. शिकवायला कोण होतं? लिहिता-वाचता येणारे गोंड जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांनाही जी अक्षरं येत होती ती मराठीतून आलेली. पदवीधर मिळतील म्हणून कुणी थांबलं नाही. ज्यांना थोडंफार वाचता येत होतं त्यांनाच तयार केलं आणि गोंड गावांतल्या शाळांवर पाठवलं. देवनागरीत गोंडी वाचनपाठ छापले. पोरगं शाळेत आलं की गुरुजी त्याच्या घरच्याच भाषेत बोलायचे. याच केंद्रातून पुढे पटवारीही निघाले, ज्यांच्यापुढे गोंड माणसाला हात जोडून उभं राहावं लागत नव्हतं.

सेतुमाधवराव पगडींना मराठी वाचक शिवकालाचे इतिहासकार म्हणून मान देतो. हा निलंग्याचा माणूस हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादेत आला, गोंडांत फिरला, आणि त्याने गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. अधिकाऱ्याला वेळ नसतो असं कुणी म्हटलं की मला पगडी आठवतात.

माझ्या पहिलीच्या वर्गात गोंड पाड्यावरची मुलं यायची. दिवाळी उलटली तरी एक शब्द नाही. तक्त्यावरचा बैल दाखवला तर खाली बघायची, आणि हीच मुलं सकाळी गावचं अख्खं खांड रानात नेऊन आलेली असायची. एकदा मध्यान्ह भोजन शिजवणारी बाई भाताचं पातेलं उतरवून दाराशी टेकली. ती गोंड. मी बैलाबद्दल विचारत होते, तेच तिने तिथूनच गोंडीत विचारलं. एक पोर उठलं आणि त्यांच्या बैलाचं कोणतं शिंग मोडलंय, कशाने मोडलंय, तो कुणाला मारतो, सगळं सांगत सुटलं. दुसरं मध्येच त्याला खोडून काढायला लागलं. तिने मराठी करून मला सांगितलं. त्या वर्षी भात शिजला की ती माझ्या वर्गात बसायची, मी तिला तशी विनंतीच केली होती. तिला त्याचा पैसा मिळाला नाही, कारण अशा कामाला सरकारदरबारी पदच नाही.

1956 साली भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा तालुके आदिलाबादेतून निघून मराठी मुलखात गेले, उरलेला जिल्हा आंध्रात गेला. गोंड दोन्हीकडे वाटले गेले. इकडच्यांना तेलुगू आली, तिकडच्यांना मराठी, आणि मार्लवाईची गोंडी पुस्तकं मागे पडली. या प्रांतरचनेसाठी जी सातवी घटनादुरुस्ती झाली, तिनेच संविधानात 350-अ हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. सीमा लगेच अमलात आल्या. कलम अजून पाड्यावर पोचलेलं नाही. 2011 च्या जनगणनेत जवळपास 30 लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, तरीही ती आठव्या अनुसूचीत नाही.

महाराष्ट्राने तरी वेगळं काय केलं? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतः गोंडी शाळा काढली. शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. नोटीस काढली शिक्षण हक्क कायद्याखाली, ज्या कायद्यात शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असं लिहिलेलं आहे. हे वाचून मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. पात्रताधारक शिक्षक नाहीत, मान्य पुस्तकं नाहीत, अशी कारणं खातं देतं. मार्लवाईत 1943 साली यातलं काय होतं?

मराठीच्या शाळांसाठी आपण भांडतो. आदिलाबादेतली मराठी शाळा टिकावी म्हणून मीही निवेदनं दिली आहेत आणि यापुढेही देईन. पण तोच हक्क गोंड आणि कोलाम पोराला नाकारून मला तो मागता येणार नाही.

आज नारनूर, जैनूर, जिवती, किनवट या पट्ट्यात बारावी झालेली गोंड-कोलाम मुलंमुली मिळतात. 1943 ला ती शोधूनही सापडत नव्हती. तेलंगणा आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी त्यांना प्रशिक्षण देऊन पहिली-दुसरीच्या वर्गांवर नेमावं, मानधनावर नाही, पूर्ण पगारावर. पात्रता परीक्षेची अट त्यांनी नोकरीत राहून पुरी करावी. गोंडी आणि कोलामीचे वाचनपाठ दोन्ही राज्यांनी मिळून छापावेत, तेलुगू आणि देवनागरी दोन्ही लिप्यांत. आणि मोहगावची नोटीस मागे घ्यावी.